तुळशीच्या पानातली बुरशी आणि उद्याचं अँटिबायोटिक : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नुकत्याच खुडलेल्या, हिरव्यागार, एकही डाग नसलेल्या तुळशीच्या पानातही बुरशी असते आणि अशा बुरशीत नवं अँटिबायोटिक शोधतात, असं सांगितलं की समोरचा माणूस आधी हातातलं पान खाली ठेवतो आणि मग प्रश्न विचारायला लागतो. सूक्ष्मजीवशास्त्र शिकवताना विद्यार्थ्यांकडून, त्यांच्या पालकांकडून आणि एकदा तर काढा विकणाऱ्या एका गृहस्थांकडून हे प्रश्न इतक्यांदा आले, की एकदाचे लिहून ठेवावेत असं वाटलं.

पान निरोगी आहे, मग आत बुरशी कशी? झाडाला रोग झालाय का?

नाही. या बुरश्या पानाच्या, खोडाच्या, मुळाच्या पेशींमधल्या फटींत राहतात आणि बाहेर काही म्हणजे काही कळू देत नाहीत. जर्मन शास्त्रज्ञ आंतोन डी बारी यांनी १८६६ मध्ये झाडाच्या आत राहणाऱ्या अशा जीवांना 'एंडोफाइट' म्हटलं. मराठीत 'अंतर्वासी' म्हणता येईल, पण लॅबमध्ये सगळे एंडोफाइटच म्हणतात, म्हणून इथेही तोच शब्द ठेवतो.

आंब्याच्या पेटीचा अनुभव सगळ्यांनाच असेल. झाडावरून उतरवताना फळ स्वच्छ असतं, आढीत पिकायला लागलं की सालीवर काळे ठिपके पसरतात. तो करपा. त्याची बुरशी, कोलेटोट्रायकम, फळ कोवळं असतानाच आत शिरून गप्प बसलेली असते. हीच कोलेटोट्रायकम असंख्य निरोगी झाडांच्या पानांत एंडोफाइट म्हणूनही सापडते. तेव्हा 'ही चांगली, ती वाईट' अशा पाट्या बुरशीच्या गळ्यात कायमच्या अडकवता येत नाहीत. झाडाचं वय, हवा, जखम, पाणी यातलं काही बदललं की तिचं वागणं बदलतं.

अशी बुरशी किती झाडांत असते?

ज्यांत नीट शोधली, त्या जवळजवळ सगळ्यांत सापडली. पनामाच्या बारो कोलोराडो बेटावर दोन जातींच्या झाडांची ८३ निरोगी पानं तपासली गेली. २००० साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात दिसायला वेगवेगळे असे ४१८ प्रकार निघाले. पानं ८३, झाडांच्या जाती दोन!

बहुतेक एंडोफाइट बियांतून येत नाहीत. बीजाणू वाऱ्या-पावसाबरोबर पानावर पडतात आणि आत शिरतात. म्हणून कोवळ्या पानात कमी आणि जून पानात जास्त बुरश्या सापडतात.

पण बुरशी अँटिबायोटिक बनवतेच कशाला? आपल्यासाठी तर नाही?

आपल्यासाठी अर्थातच नाही. पान म्हणजे तिच्या दृष्टीने गर्दीची चाळ. एका खोलीत पाच बिऱ्हाडं, त्यात बाहेरून घुसू पाहणारे रोगजंतू. जागा आणि अन्न राखायचं तर शेजाऱ्याला दूर ठेवणारं काहीतरी सोडावं लागतं. पेनिसिलियम या बुरशीने अलेक्झांडर फ्लेमिंग यांच्या प्लेटवर (जंतू वाढवायच्या उथळ बशीत) १९२८ मध्ये केलं ते हेच होतं; त्यातूनच पेनिसिलिन मिळालं. फरक एवढाच, की एंडोफाइटला शेजाऱ्याला मारताना घरमालकाला, म्हणजे झाडाला, मारून चालत नाही. जिवंत पेशींना इजा न करता जंतूला रोखणारी रसायनं इथे मिळू शकतील, ही आशा याच तर्कावर उभी आहे. तर्क आकर्षक आहे, पण झाडाची पेशी आणि माणसाची पेशी यांत बराच फरक असतो. हे पुढे एका उदाहरणात दिसेल.

झाडाला याचा फायदा होतो याला पुरावा आहे. कोकोच्या रोपांवर झालेल्या, २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात एंडोफाइट असलेल्या पानांचं फायटोफ्थोरा या रोगजंतूमुळे कमी नुकसान झालं, एंडोफाइट नसलेल्या पानांचं जास्त.

नवीन अँटिबायोटिक्सची एवढी गरज आहे का? बाजारात ढीगभर आहेत की.

ढीग आहे, पण त्यातली बरीचशी एकमेकांची भावंडं आहेत. एका भावंडाला जंतू सरावला की बाकीच्यांनाही सरावायला त्याला वेळ लागत नाही. औषधांना दाद न देणाऱ्या जिवाणूंमुळे २०१९ या एका वर्षात जगभरात सुमारे १२ लाख ७० हजार माणसं थेट दगावली, असा एका मोठ्या जागतिक अभ्यासाचा अंदाज आहे. ज्या मृत्यूंत अशा जंतूंचा काही ना काही हात होता, ते धरले तर आकडा ४९ लाख ५० हजारांपर्यंत जातो. आपल्याकडे गोळ्यांच्या पट्टीवर जी उभी लाल रेघ असते ती याचसाठी, की ही गोळी डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घेऊ नका. किती जण ती रेघ बघतात, हा भाग वेगळा.

बुरशी कुठल्याही झाडात असते, तर मग औषधी वनस्पतीच का शोधायच्या?

हा प्रश्न विचारणारा विद्यार्थी मला नेहमी आवडतो, कारण प्रकल्पाच्या अर्जात या मुद्द्यावर सगळे एक ठरावीक वाक्य लिहून पुढे सरकतात.

या विषयात मोंटाना स्टेट विद्यापीठाचे गॅरी स्ट्रोबेल यांचं नाव पहिल्यांदा घ्यावं लागतं. झाड निवडताना त्यांनी काही ठोकताळे सांगितले: लोक ज्याचा औषध म्हणून पिढ्यान्‌पिढ्या वापर करतात ते, वेगळ्याच परिस्थितीत तगून राहणारं, एकाच प्रदेशापुरतं मर्यादित असलेलं किंवा जैवविविधतेने समृद्ध भागात वाढणारं झाड. ऑस्ट्रेलियाच्या नॉर्दर्न टेरिटरीत केनेडिया निग्रिस्कान्स नावाची वेल आहे, तिला तिथे 'स्नेकव्हाइन' म्हणतात. तिथले आदिवासी ती ठेचून, पाण्यात गरम करून जखमेवर लावत आले आहेत. स्ट्रोबेल यांच्या गटाला या वेलीच्या आत एक स्ट्रेप्टोमायसीस सापडला आणि त्याच्यातून म्युनम्बिसिन नावाची अँटिबायोटिक रसायनं मिळाली. ते काम २००२ मध्ये प्रसिद्ध झालं. जखमेवरचा तो लेप आणि ही रसायनं यांचा संबंध असू शकेल, हा विचार मोह पाडणारा आहे. (स्ट्रेप्टोमायसीस धाग्याधाग्यांनी वाढतो, म्हणून बुरशीसारखा दिसतो. असतो मात्र जिवाणू. परीक्षेत इथे हमखास गुण जातात.)

पण खरं सांगायचं तर 'औषधी' हा शिक्का मारलेलं झाडच जास्त चांगली बुरशी देतं, असं छातीठोकपणे म्हणता येत नाही. आपण औषधी झाडं जास्त तपासली, म्हणून त्यांत जास्त सापडलं, हेही कारण असू शकतं. बांधावरच्या निनावी झुडपाला कोणी विचारतच नाही.

मग झाडाचा औषधी गुण झाडाचा असतो की आतल्या बुरशीचा?

या प्रश्नामुळेच हा विषय गाजला, म्हणून जरा सविस्तर सांगतो. इथे अँटिबायोटिक्सच्या वाटेवरून थोडं कर्करोगाच्या औषधांकडे वळावं लागेल.

नंदुरबारला जन्मलेले मनसुख वाणी मुंबई विद्यापीठात शिकून अमेरिकेला गेले. तिथे मन्रो वॉल यांच्याबरोबर त्यांनी दोन वनस्पतींतून दोन रसायनं वेगळी काढली. १९६६ मध्ये कॅम्प्टोथेसिन, एका चिनी झाडातून, आणि १९७१ मध्ये टॅक्सॉल, पॅसिफिक यू या झाडाच्या सालीतून. दोन्हींतून पुढे कर्करोगावरची औषधं आली. अडचण अशी, की साल काढली की झाड मरतं, आणि टॅक्सॉल सालीत अगदी थोडं असतं.

१९९३ मध्ये मोंटानात त्याच पॅसिफिक यूच्या सालीत टॅक्सोमायसीस आंद्रेआने नावाची बुरशी सापडली आणि ती स्वतंत्रपणे वाढवली तरी टॅक्सॉल बनवते, असं 'सायन्स' या नियतकालिकात प्रसिद्ध झालं. झाड तोडायला नको, टाकीत बुरशी वाढवली की झालं! जगभर शोध सुरू झाला. पण बुरशीतून मिळणारं टॅक्सॉल नॅनोग्रॅममध्ये मोजावं लागत होतं, म्हणजे एका लिटर द्रवात ग्रॅमच्या अब्जाव्या भागाच्या हिशेबाने. पुढे २०१३ मध्ये एका गटाने अशा बुरश्या पुन्हा बारकाईने तपासल्या, तेव्हा बुरशी स्वतः टॅक्सॉल बनवते याचा पुरावा त्यांना मिळाला नाही. आजही या बाबतीत एकमत नाही आणि टाकीतून टॅक्सॉल देणारी बुरशी काही कारखान्यापर्यंत पोचली नाही.

आपल्या सह्याद्रीत याचंच भावंड असलेली गोष्ट आहे. नरक्या. फुलांच्या घाण वासामुळे हे नाव पडलं. या झाडातही कॅम्प्टोथेसिन भरपूर असतं, हे १९७२ मध्ये भारतीय शास्त्रज्ञांनी दाखवलं, आणि तेव्हापासून नरक्याच्या मागे कुऱ्हाड लागली. २००५ मध्ये नरक्याच्याच आतून मिळालेली एक बुरशी कॅम्प्टोथेसिन बनवते, असं जम्मूच्या प्रयोगशाळेतल्या संशोधकांनी जर्मन सहकाऱ्यांसोबत प्रसिद्ध केलं. नंतर चिनी झाडातल्या फ्युझेरियम बुरशीवर काम करणाऱ्यांना वेगळाच पेच दिसला. प्रयोगशाळेत काही पिढ्या वाढवल्यावर उत्पादन घसरत गेलं. रसायन बनवायच्या साखळीतला एक महत्त्वाचा विकर (एन्झाइम) त्या बुरशीकडे नव्हताच. तो झाडाकडून येत असावा असं दिसलं. म्हणजे एकाचं तांदूळ, दुसऱ्याचं दूध आणि खीर दोघांची.

तेव्हा 'गुण कोणाचा' याचं उत्तर दर झाडागणिक वेगळं आहे. सगळंच बुरशीचं, असं म्हणणारा लेख वाचलात तर जरा जपून.

आजवर अशा बुरशीतून एखादं औषध खरंच बाजारात आलं का?

आलं. हे उदाहरण फार कमी लोकांना माहीत असतं.

हपुषा म्हणजे ज्युनिपर, आयुर्वेदात वापरली जाणारी वनस्पती. स्पेनमधल्या ज्युनिपरच्या पानांतून हॉर्मोनेमा कार्पेटॅनम नावाची बुरशी मिळाली. तिच्यातून एन्फ्युमाफंजिन हे रसायन वेगळं काढलं गेलं आणि २००० मध्ये त्याची माहिती प्रसिद्ध झाली. बुरशीच्या पेशीभोवती ग्लुकान नावाच्या साखरेच्या साखळ्यांची भिंत असते. ही भिंत बांधणाऱ्या विकरालाच एन्फ्युमाफंजिन अडवतं. माणसाच्या पेशीला भिंतच नसते, त्यामुळे निशाणा छान होता.

पण रसायन जसं मिळालं तसं औषध म्हणून चालणारं नव्हतं. रसायनशास्त्रज्ञांनी त्याच्यात फेरफार केले, पोटातून रक्तात जाईल असं रूप घडवलं. त्यातून आयब्रेक्साफंजर्प तयार झालं. जून २०२१ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने योनीमार्गाच्या कँडिडा या बुरशीच्या संसर्गासाठी त्याला मान्यता दिली. याच विकरावर काम करणारी आधीची औषधं शिरेतून द्यावी लागत होती, हे तोंडाने घेता येतं.

पानातल्या बुरशीपासून गोळीपर्यंत २१ वर्षं. आणि हेही लक्षात घ्या, की हे औषध बुरशीवरचं आहे, जिवाणूंवरचं नाही.

जिवाणूंवर काम करणारं काही सापडलं नाही का?

प्लेटवर काम करणारी रसायनं भरपूर सापडली. दोनच सांगतो.

कोस्टा रिकातल्या ग्वानाकास्ते संरक्षित प्रदेशातल्या एका झाडाच्या फांदीत एक एंडोफाइट मिळाली. तिच्यातून २००० च्या सुमाराला ग्वानाकास्तेपीन नावाचं रसायन निघालं. त्याची रचना अगदी नवीन होती. मेथिसिलिनला दाद न देणाऱ्या स्टॅफायलोकॉकसवर आणि व्हँकोमायसिनला दाद न देणाऱ्या एंटरोकॉकसवर, म्हणजे रुग्णालयांना घाम फोडणाऱ्या दोन्ही जिवाणूंवर ते चाललं. जगभरच्या रसायनशास्त्रज्ञांनी ते प्रयोगशाळेत बनवायचा सपाटा लावला. आणि मग कळलं, की ते माणसाच्या तांबड्या रक्तपेशीही फोडतं. जिवाणूचं पटल आणि आपल्या पेशीचं पटल यांत त्याला भेद करता येत नाही. तिथेच गोष्ट संपली. वर म्हटलं होतं ते उदाहरण हेच. झाडाला सोसलं म्हणजे आपल्याला सोसेलच असं नाही.

दुसरं आपल्या ओळखीच्या झाडातलं. बनारस हिंदू विद्यापीठातल्या संशोधकांनी स्ट्रोबेल यांच्यासोबत कडुनिंबाच्या मुळातून क्लोरिडियम नावाची बुरशी काढली. तिने जॅव्हानिसिन हे रसायन बनवलं आणि ते स्युडोमोनासवर चांगलं चाललं. हे २००९ मधलं काम. स्युडोमोनास हा हट्टी जंतू आहे. त्याला बाहेरून आणखी एक पटल असतं, त्यामुळे बरीचशी रसायनं आत पोचतच नाहीत. म्हणून हा निकाल महत्त्वाचा. मात्र जॅव्हानिसिन हे रसायन त्याआधीच दुसऱ्या एका बुरशीतून माहीत होतं. नवं झाड, नवी बुरशी, जुनं रसायन. या क्षेत्रात असं सतत होतं.

प्रयोगशाळेत नेमकं करतात काय?

झाडाचं ताजं, निरोगी पान किंवा फांदी आणायची, आणि शक्यतो एक-दोन दिवसांतच कामाला लागायचं. आधी नळाच्या वाहत्या पाण्याखाली भरपूर धुवायचं. मग खरी कसोटी. पानाच्या पृष्ठभागावरची धुळीतली बुरशी मारायची आहे, आतली जिवंत ठेवायची आहे. त्यासाठी ७० टक्के अल्कोहोलमध्ये मिनिटभर, मग सोडियम हायपोक्लोराइटमध्ये, म्हणजे कपडे पांढरे करायच्या ब्लीचमध्ये, काही मिनिटं, पुन्हा क्षणभर अल्कोहोल आणि शेवटी निर्जंतुक पाण्याने दोन-तीनदा धुणं. किती मिनिटं ठेवायचं हे पानागणिक बदलतं. कडुनिंबाचं पातळ पान आणि कोरफडीचं गरगरीत पान यांना एकच वेळ लावणाऱ्याची एक तर सगळी बुरशी मरते, नाही तर वरची धूळच उगवते.

म्हणून एक साधी परीक्षा करतात. धुतलेला तुकडा माध्यमावर, म्हणजे प्लेटमधल्या बुरशीच्या खाद्यावर, दाबायचा, ठसा उमटवायचा आणि उचलायचा. ठशावर काही उगवलं, तर पृष्ठभाग स्वच्छ झालेला नाही आणि पुढचं सगळं काम कचऱ्यात. शेवटच्या धुण्याचं पाणीही प्लेटवर ओतून बघतात. शोधनिबंध वाचताना मी आधी हे वाक्य शोधतो. ते नसेल तर त्यातल्या अ‍ॅस्परजिलस आणि पेनिसिलियमकडे संशयानेच बघतो, कारण हे दोघं हवेत कुठेही असतात.

मग अर्ध्या सेंटिमीटरचे तुकडे कापून बटाटा-डेक्स्ट्रोजच्या प्लेटवर मांडायचे. प्लेटमध्ये जिवाणू वाढू नयेत म्हणून स्ट्रेप्टोमायसिन किंवा क्लोरॅम्फेनिकॉल घालतात. नवं अँटिबायोटिक शोधायला जुनंच मदतीला! साधारण २५ ते २८ अंशांवर ठेवून वाट पाहायची. काही बुरश्या तिसऱ्या दिवशी कडेने डोकावतात, काही तीन आठवड्यांनी. घाई करून पहिल्याच आठवड्यात प्लेटा ऑटोक्लेव्हला (वाफेने निर्जंतुक करायच्या यंत्रात) टाकल्या, तर हळू वाढणाऱ्या, बहुधा जास्त कामाच्या बुरश्या हातच्या जातात.

प्रत्येक बुरशीचं टोक उचलून वेगळं वाढवायचं. काहींना बीजाणूच येत नाहीत, तेव्हा सूक्ष्मदर्शकाखाली ओळख पटत नाही आणि डीएनएचा आयटीएस हा भाग वाचून नाव ठरवावं लागतं. ओळखलेली बुरशी द्रव माध्यमात दोन-तीन आठवडे वाढवली, की इथिल अ‍ॅसिटेटने रसायनं ओढून घ्यायची, द्रावक उडवायचा, आणि बाटलीच्या तळाशी जो तपकिरी चिकटा उरतो त्याची जिवाणूंवर परीक्षा घ्यायची.

आमच्या प्लेटवर वीस मिलिमीटरचा झोन आला! अँटिबायोटिक सापडलं ना?

अभिनंदन, पण अजून नाही. झोन म्हणजे अर्क लावलेल्या कागदी चकतीभोवती जिवाणू न उगवलेलं वर्तुळ. त्याचा आकार रसायनाच्या ताकदीइतकाच ते आगारमधून (प्लेटमधल्या जेलीसारख्या थरातून) किती पसरतं, चकतीवर किती ओतलं, जिवाणू किती दाट पेरले यांवरही ठरतो. नुसत्या द्रावकाची चकती शेजारी ठेवली होती का, हे आधी सांगा. अल्कोहोलचाही झोन येतो.

पुढची पायरी एमआयसी. म्हणजे जिवाणूची वाढ थांबवायला किमान किती मात्रा लागते. चांगलं शुद्ध अँटिबायोटिक मिलिलिटरला काही मायक्रोग्रॅममध्ये काम करतं. तुमच्या कच्च्या अर्काला मिलिलिटरला पाच मिलिग्रॅम लागत असतील, तर त्यात काहीतरी आहे एवढंच म्हणता येईल. मग तो अर्क तुकड्या-तुकड्याने वेगळा करत कोणत्या अंशात काम आहे ते शोधायचं, मास स्पेक्ट्रोमेट्रीने ते रसायन आधीच माहीत असलेलं तर नाही ना हे बघायचं, एनएमआरने रचना ठरवायची, रक्तपेशींवर आणि मानवी पेशींवर तपासायचं, उंदरावर तपासायचं. झोनच्या फोटोवर थांबलेल्या निबंधांचा आपल्याकडे सुकाळ आहे. दोष विद्यार्थ्यांचा नाही. एमएस्सीच्या एका सत्रात आणि महाविद्यालयाच्या पैशांत तेवढंच होतं. पण त्याला 'नव्या औषधाचा शोध' म्हणू नये.

पहिल्यांदा काम करणारी बुरशी सहा महिन्यांनी काहीच बनवेनाशी का होते?

कारण आता तिचं कशावाचून अडत नाही. झाडात शेजारी होते, भांडणं होती, झाडाची रसायनं होती. प्लेटवर आयतं बटाटा आणि साखर. बुरशीच्या जनुकसंचात रसायनं बनवायच्या जनुकांचे अनेक गट असतात, त्यातले बरेचसे प्रयोगशाळेत निजलेले राहतात. त्यांना जागं करायला लोक माध्यम बदलतात, तांदळावर वाढवतात, मीठ वाढवतात, किंवा दुसरी बुरशी अथवा जिवाणू शेजारी आणून ठेवतात. शत्रू समोर दिसला की काही बुरश्या पुन्हा कामाला लागतात. डीएनएवरच्या रासायनिक खुणा पुसणारी द्रव्यं घालूनही काही गट उघडता येतात.

उपाय कंटाळवाणा पण खात्रीचा: बुरशी मिळाल्या दिवशीच तिचे भरपूर नमुने ग्लिसरॉलमध्ये घालून उणे ८० अंशांवर ठेवा. दर महिन्याला एका प्लेटवरून दुसऱ्या प्लेटवर नेत राहिलात, तर सगळी गंमत जाईल.

बुरशीच्या नुसत्या वासाने जंतू मरतात, हे खरं आहे?

एका बुरशीच्या बाबतीत तरी खरं आहे. होंडुरासमधल्या दालचिनीच्या फांदीतून स्ट्रोबेल यांनी एक पांढरी, बीजाणूहीन बुरशी काढली. प्लेटांना बारीक कोळी लागू नयेत म्हणून त्या प्लॅस्टिकच्या डब्यात बंद करून ठेवल्या, आणि नंतर पाहिलं तर शेजारच्या प्लेटांतल्या बुरश्या वाढायच्याच थांबल्या होत्या. एकमेकींना स्पर्श न होता. २००१ मध्ये तिचं नाव ठेवलं मस्कोडोर अल्बस, म्हणजे साधारण 'पांढरी दुर्गंधी'. ती सोडते त्या वायूंत केळ्याच्या वासाचं आयसोअमाइल अ‍ॅसिटेट असतं. गंमत म्हणजे त्या मिश्रणातला कुठलाही एक वर्ग एकट्याने जंतू मारत नाही, सगळे मिळूनच मारतात. हे माणसाला द्यायचं औषध नव्हे. साठवलेली फळं, बियाणं, माती यांच्यासाठी त्याचा विचार झाला.

मग तुळस किंवा कडुनिंबाचा पाला खाल्ला, तर ही अँटिबायोटिक्स पोटात जातात का?

नाही. पानात बुरशीचं प्रमाण अत्यल्प, तिने बनवलेलं रसायन त्याहून कमी, आणि काढा उकळल्यावर त्यातलं काय उरतं हा आणखी प्रश्न. तुळस आवडते तर चहात घाला. न्यूमोनिया झाला तर डॉक्टरकडे जा.

घरी अशी बुरशी वाढवून वापरता येईल का?

मुळीच नको. याच झाडांत फ्युझेरियम आणि अ‍ॅस्परजिलसही राहतात आणि त्यांच्या काही जाती जबर विषं बनवतात. यकृताला घातक असलेलं अफ्लाटॉक्सिन हे अ‍ॅस्परजिलसचंच. ओलसर जागी साठवलेल्या वनौषधींच्या चूर्णांत ते सापडतं, म्हणून बुरा आलेली मुळी किंवा पावडर उन्हात वाळवून वापरू नये, सरळ फेकावी. वाळवल्याने बुरशी मरेल, विष तसंच राहील.

महाराष्ट्राचा या विषयाशी काही संबंध आहे?

चांगलाच. पिंपरीची हिंदुस्तान अँटिबायोटिक्स ही सरकारी औषध कंपनी, म्हणजे पुणेकरांची 'एचए', १९५४ मध्ये स्थापन झाली. तिथल्या संशोधकांनी पिंपरीच्याच मातीतून मिळालेल्या जंतूपासून हॅमायसिन हे बुरशीवरचं औषध शोधलं. त्या जंतूचं नाव स्ट्रेप्टोमायसीस पिंप्रिना. शास्त्रीय लॅटिन नावात पिंपरी! ही एंडोफाइटची गोष्ट नव्हे, मातीतल्या जंतूची आहे. पण औषध इथल्या पायाखाली असू शकतं, हे तिथे सिद्ध झालं.

आज पुण्यात आघारकर संशोधन संस्थेत बुरश्यांचा राष्ट्रीय संग्रह आहे, आणि एनसीएल (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा) व एनसीसीएस (राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र) या संस्थांत सूक्ष्मजीवांचे मोठे संग्रह आहेत. तुमच्या हाती वेगळी बुरशी लागली, तर ती महाविद्यालयाच्या फ्रीजमध्ये ठेवू नका. वीज जाते, मुलं पास होऊन निघून जातात आणि मागे नाव पुसलेली परीक्षानळी उरते. हे मी स्वतः पाहिलंय, एकदा नाही, अनेकदा. संग्रहात जमा करा, क्रमांक घ्या आणि तो क्रमांक निबंधात लिहा.

औषध कंपन्या यात का उतरत नाहीत?

हिशेब जुळत नाही. रक्तदाबाची गोळी माणूस आयुष्यभर घेतो, अँटिबायोटिक पाच-सात दिवस. शिवाय नवं, प्रभावी अँटिबायोटिक आलं की डॉक्टर ते शेवटचा उपाय म्हणून कपाटात राखून ठेवतात, आणि तेच बरोबर आहे. अमेरिकेतल्या अ‍ॅकाओजेन कंपनीच्या प्लाझोमायसिन या अँटिबायोटिकला २०१८ मध्ये मान्यता मिळाली आणि २०१९ मध्ये कंपनी दिवाळखोरीत गेली. म्हणून या शोधाचा सुरुवातीचा भाग बहुतेक विद्यापीठं आणि सरकारी संस्थाच करतात.

जंगलातून फांदी आणायला परवानगी लागते का?

अभयारण्य आणि राखीव जंगलात वनखात्याची परवानगी हवीच, एक फांदी असली तरी. त्याशिवाय २००२ चा जैविक विविधता कायदा आहे. तो झाडांइतकाच त्यांच्यातल्या सूक्ष्मजीवांनाही लागू होतो. परदेशी संस्थेला किंवा परदेशी सहकाऱ्याला नमुना द्यायचा असेल, पेटंट घ्यायचं असेल, तर चेन्नईच्या राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाकडे जावं लागतं. राज्याचं मंडळ नागपूरला आहे. या कायद्यात २०२३ मध्ये बदल झाले आहेत, त्यामुळे वरिष्ठांनी दहा वर्षांपूर्वी काय केलं यावर विसंबू नका.

नरक्याबाबत एक वेगळी विनंती. बुरशीसाठी दोन-चार पानं आणि बोटभर काडी पुरते. खोडाची साल सोलायचं काही कारण नाही.

सुरुवात कुठल्या झाडापासून करू?

तुळशीपासून नको. तुळस, कडुनिंब, कोरफड यांच्यावरच्या निबंधांचा ढीग पडलाय, त्यात तुमचा एक हरवून जाईल. ज्याचं शास्त्रीय नाव वनस्पतीशास्त्राच्या सरांकडून पक्कं करून घेता येईल, जे वर्षभर हाताशी असेल आणि ज्यावर फार कोणी काम केलेलं नसेल असं झाड घ्या. एक फांदी दाबून, वाळवून हर्बेरियमला, म्हणजे वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहाला, जमा करा. नमुने उन्हाळ्यात एकदा आणि पावसाळ्यात एकदा घ्या, कारण दोन्ही वेळच्या बुरश्यांची यादी सहसा वेगळी निघते. आणि पहिल्या दिवशी ठशाची परीक्षा विसरू नका.